रुपयाची हुंडणावळ आणि रुपयाची अब्रू

नाण्याचा भाव उतरला की देशाची अब्रू उतरली, अशी एक समजूत आपल्या मनात खोलवर बसलेली आहे. डॉलरला किती रुपये मोजावे लागतात तो आकडा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला की घरोघर हळहळ व्यक्त होते. राजकीय पक्ष सत्तेवर असले म्हणजे या आकड्याविषयी मौन पाळतात आणि विरोधात बसले म्हणजे त्यावरूनच रण माजवितात. या समजुतीत सत्य किती व भ्रम किती, हे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. विषय अर्थशास्त्राचा खरा. पण त्यातील मुख्य गोष्टी उमगण्यास त्रैराशिक येत असले म्हणजे पुरे.

आरंभीच एक भ्रम दूर केला पाहिजे. १९४७ साली एका रुपयास एक डॉलर मिळत असे, असे पुष्कळ लोक सांगतात, आणि ऐकणारे ते खरे मानतात. हे विधान साफ चूक आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी रुपया डॉलरला नव्हे, तर पौंडाला बांधलेला होता. १९२७ साली कायद्याने ठरलेला, रुपयास एक शिलिंग सहा पेन्स, हाच दर चालू होता. शिलिंगाचे पेन्स बारा आणि पौंडाचे शिलिंग वीस. तेव्हा एका पौंडास तेरा रुपये पाच आणे चार पै पडत. पौंडाचे डॉलर त्या वेळी ४.०३ येत. यावरून हिशेब केला तर एका डॉलरला ३.३१ रुपये, म्हणजे सुमारे तीन रुपये पाच आणे, असा भाव निघतो. आपल्या घसरणीची मोजणी येथून सुरू केली पाहिजे.

घसरणीचे टप्पे

पहिला टप्पा १९४९ च्या सप्टेंबरातला. महायुद्धाने खंगलेल्या इंग्लंडने पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली. आपला बहुतेक व्यापार पौंडाच्या मुलखाशी होता, म्हणून आपणही त्याच प्रमाणात खाली आलो. डॉलर ४.७६ रुपयांचा झाला आणि हा दर पुढे जवळजवळ सतरा वर्षे टिकला. दुसरा टप्पा ६ जून १९६६ चा. त्या दिवशी डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर गेला. १९७१ च्या ऑगस्टात अमेरिकेने डॉलर व सोने यांचा संबंध तोडला आणि जगातील सर्वच नाण्यांचे दावे सुटले. १९७५ पासून आपला रुपया अनेक देशांच्या नाण्यांच्या एका गाठोड्याशी जोडण्यात आला. १९८० साली डॉलर सुमारे आठ रुपयांचा होता, तो १९९० साली सुमारे साडेसतरा रुपयांचा झाला. १ व ३ जुलै १९९१ या दोन दिवसांच्या अवमूल्यनाने तो एकवीसच्या आसपास होता तो सव्वीसच्या आसपास गेला. १९९३ च्या मार्चात दर बाजारावर सोपविण्यात आला तेव्हा तो ३१.३७ होता. २०१३ च्या ऑगस्टात त्याने अडुसष्टी ओलांडली, २०२४ च्या अखेरीस पंच्याऐंशी मागे टाकली, आणि २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीचा उंबरठाही पार केला.

हे आकडे एकामागून एक ऐकले की छाती दडपते. पण थोडा हिशेब करून पाहू. १९४९ च्या अखेरीपासून २०२४ च्या अखेरीपर्यंत पंचाहत्तर वर्षांत डॉलर ४.७६ वरून सुमारे साडेपंच्याऐंशी रुपयांवर गेला, म्हणजे अठरा पट महाग झाला. चक्रवाढीने मोजल्यास ही वाढ दरसाल चार टक्क्यांहून किंचित कमीच भरते. सावकाराचा धंदा माहीत असणारास हे नवे वाटणार नाही: चार टक्क्यांचे लहानसे व्याज पाऊणशे वर्षे चढत राहिले की मुद्दलाची अठरापट होते. पन्नास-पाऊणशे वर्षांच्या अंतरावरून जो कडा दिसतो, तो चढताना पुष्कळसा साधा चढच असतो. मधले दोन-तीन ठिकाणचे कडे मात्र खरे आहेत; त्यांचा विचार पुढे करू.

येथे टक्क्यांच्या एका घोटाळ्याविषयीही सांगितले पाहिजे. १९६६ साली रुपयाचे ३६.५ टक्के अवमूल्यन झाले असे काही जण लिहितात आणि काही जण ५७.५ टक्के म्हणतात. दोघेही बरोबर आहेत. साडेसात रुपयांच्या मानाने ४.७६ हे ३६.५ टक्क्यांनी कमी, आणि ४.७६ च्या मानाने साडेसात हे ५७.५ टक्क्यांनी जास्त. पहिला आकडा रुपया किती उतरला ते सांगतो, दुसरा डॉलर किती चढला ते सांगतो. ज्यास जे सोयीचे तो ते घेतो, इतकेच.

भाव उतरतो कशाने?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, कोल्हापुरात चपलांचा एक जोड पाचशे रुपयांस मिळतो आणि न्यूयॉर्कात त्याच तोडीचा जोड दहा डॉलरांस मिळतो. डॉलरचा दर पन्नास रुपये असेल तर दोन्ही जोड सारख्याच किमतीचे झाले. आता आपल्याकडे भाव दरसाल सात टक्क्यांनी आणि अमेरिकेत तीन टक्क्यांनी वाढत आहेत असे धरू. दहा वर्षांनी कोल्हापूरचा जोड सुमारे नऊशे चौऱ्याऐंशी रुपयांचा होईल आणि न्यूयॉर्कचा सुमारे तेरा डॉलर चव्वेचाळीस सेंटांचा. डॉलरचा दर पन्नासवरच ठेवला तर कोल्हापूरच्या जोडास अमेरिकेत साडेएकोणीस डॉलरांहून जास्त पडतील. ते कोण देणार? आपला माल तेथे खपेनासा होईल, उलट तेथला माल आपल्याकडे स्वस्त म्हणून धो धो येऊ लागेल. हा तोल पुन्हा सांभाळावयाचा तर डॉलर सुमारे त्र्याहत्तर रुपयांचा झाला पाहिजे. म्हणजे या उदाहरणात रुपया जो उतरला तो कोण्या परकीयाने पाडला म्हणून नव्हे. घरच्या महागाईने तो आधीच उतरला होता. हुंडणावळीने फक्त त्याची नोंद केली.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गुस्टाव्ह कॅसेल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने हा विचार पद्धतशीर मांडला. दोन नाण्यांमधील दर अखेर त्या त्या नाण्याच्या घरगुती क्रयशक्तीवर ठरतो, हे त्याचे सार. दोन-चार महिन्यांच्या चढउतारास हा नियम लागू पडत नाही. पण तीस-चाळीस वर्षांच्या कालावधीत त्याची पकड सुटत नाही. आपल्या देशात भाववाढ बहुतेक दशकांत अमेरिकेपेक्षा अधिक राहिली आहे, आणि रुपयाच्या दीर्घ घसरणीचे पहिले व मोठे कारण हेच आहे.

दुसरे कारण आपल्या गरजांचे आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. सोन्याची हौस तर सर्वश्रुतच आहे. यांची किंमत प्रामुख्याने डॉलरांत चुकवावी लागते. मालाच्या व्यापारात आपण विकतो त्याहून खरेदी जास्त करतो. ही खोट बरीचशी दोन गोष्टींनी भरून निघते: पुण्या-बंगलोरच्या कचेऱ्यांतून परदेशांसाठी होणारे संगणकाचे काम, आणि परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनी घरी धाडलेला पैसा. तरीही काही उरते, ते परकीय भांडवल व कर्ज यांनी भरावे लागते. तेल भडकले किंवा परकीय भांडवलाने पाय मागे घेतला, की डॉलरची मागणी वाढते आणि रुपया घसरतो.

तिसरे कारण डॉलरच्या बाजूचे आहे. अमेरिकेत व्याज चढले की जगभरचा पैसा तिकडे धावतो. जपानचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन पडत. जपानने कारखानदारीत अशी झेप घेतली आणि पुढे घरचे भावही असे आटोक्यात ठेवले, की १९९५ साली डॉलर अवघ्या ऐंशी येनांच्या आसपास आला. पण तोच येन २०२४ च्या मध्यास पुन्हा एकशेसाठपर्यंत घसरला. जपानात काही फार महागाई झाली होती असे नव्हे. अमेरिकेत व्याज चढले आणि जपानात ते जवळजवळ शून्यावर होते, हे त्याचे मुख्य कारण. तेव्हा सबळ राष्ट्राचे नाणेही घसरते, हे ध्यानी ठेवावे. आणि डॉलर हा तरी कोठे ध्रुवतारा आहे? १९४७ पासून २०२४ पर्यंत अमेरिकेत भाव सुमारे चौदा पट झाले. १९७१ पर्यंत पस्तीस डॉलरांस मिळणारे एक औंस सोने २०२४ साली दोन हजार डॉलरांच्या वर गेले होते. आपण एका घसरत्या पट्टीने दुसऱ्या घसरत्या वस्तूचे माप घेत असतो.

भाव धरून ठेवण्याची किंमत

भाव उतरणे वाईट, तर सरकारने तो हुकुमाने धरून का ठेवू नये, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. हा प्रयोग आपण करून पाहिलेला आहे. महायुद्धात इंग्लंडने हिंदुस्थानातून नेलेल्या मालापोटी हजार दशलक्ष पौंडांहून अधिक शिल्लक आपल्या नावे लंडनला जमा होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने यंत्रसामग्रीची मोठी आयात सुरू केली आणि १९५७-५८ पर्यंत त्या शिलकीचा मोठा भाग उडाला. देशात भाव चढत होते, डॉलर मात्र कागदावर ४.७६ चाच होता. म्हणजे तो खऱ्या किमतीहून स्वस्त होता. स्वस्त वस्तूवर सर्वांचीच उडी पडते. म्हणून डॉलर परवान्याने वाटावा लागला. परवान्यासाठी रांगा लागल्या, आणि रांगेच्या पाठीमागे काळा बाजार उभा राहिला. पुढे १९६२ व १९६५ ची युद्धे झाली, १९६५ साली पाऊस हुकला, १९६५ च्या युद्धानंतर परकीय मदतही थांबली. अखेर जे सतरा वर्षे टाळले ते एका रात्रीत करावे लागले.

त्याचे फळही मनासारखे मिळाले नाही, आणि त्यातही धडा आहे. परकीयांच्या दडपणाखाली नमलो, ही भावना देशभर पसरली. अवमूल्यनाबरोबरच निर्यातीस मिळणाऱ्या सवलती काढण्यात आल्या आणि चहा, ताग यांसारख्या मालावर निर्यातकर बसला. दुष्काळाने पीकच नव्हते, तर विकणार काय? सारांश, भाव उतरविला म्हणजे निर्यात आपोआप वाढते असे नाही. विकावयास माल असावा लागतो आणि घरची महागाई आवरलेली असावी लागते. नाही तर उतरलेल्या भावाचा फायदा महागाईच गिळून टाकते.

अभिमानाने भाव धरल्याचे दुसरे उदाहरण शेजारच्या पाकिस्तानचे. १९४९ साली आपण उतरलो, पाकिस्तान उतरला नाही. पाकिस्तानच्या शंभर रुपयांस आपले एकशेचव्वेचाळीस रुपये, असा दर झाला. आपण तो मानला नाही. पूर्व बंगालचा ताग आणि कलकत्त्याच्या गिरण्या यांची शतकभराची जोडी काही काळ तुटली. पुढे १९५५ साली पाकिस्तानलाही उतरावेच लागले.

१९९१ चे संकट अजून अनेकांच्या स्मरणात आहे. आधीच्या दशकात सरकारने मिळकतीहून अधिक खर्च केला आणि परदेशी कर्ज वाढत गेले. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळले, तेल भडकले, आखातातून येणारा पैसा आटला. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाच्या गंगाजळीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत वीस टन सोने परत घेण्याच्या बोलीवर परदेशी विकण्यात आले, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे सत्तेचाळीस टन सोने तारण ठेवून कर्ज काढावे लागले. अब्रू गेली असे म्हणावयाचे असेल तर ती या सोन्याच्या पेट्या विमानात चढल्या तेव्हा गेली. डॉलर सव्वीसवर गेला म्हणून नव्हे.

उतरता रुपया कोणास हवा होता?

जुना इतिहास तर या अब्रूच्या कल्पनेस चांगलाच धक्का देतो. १८७० नंतर जर्मनी आदी देशांनी सोन्याचे नाणे स्वीकारले आणि चांदी उतरू लागली. आपला रुपया चांदीचा. दोन शिलिंगांच्या घरात असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. यामुळे अधिक कासावीस कोण झाले? कलकत्त्याचे सरकार, कारण त्यास पेन्शने व आगगाड्यांच्या भांडवलावरचे व्याज लंडनला पौंडांत धाडावे लागे. आणि गोरे अधिकारी, कारण त्यांच्या पगाराचे घरी पोहोचणारे पौंड घटले. १८९३ साली त्या अधिकाऱ्यांस हुंडणावळीच्या नुकसानीबद्दल खास भत्ता मंजूर झाला. त्याच वर्षी लोकांची चांदी नाणी पाडण्यासाठी घेणे टांकसाळींनी बंद केले आणि रुपया चांदीहून महाग केला गेला. तेव्हा मुंबईच्या गिरणीवाल्यांनी आरडाओरड केली. त्यांचे सूत चीनला जाई, चीन चांदीवरच राहिला होता, आणि महाग रुपयाने त्यांचे सूत तेथे महाग झाले.

पुढे १९२६ साली हिल्टन यंग कमिशनने रुपयास एक शिलिंग सहा पेन्स हा चढा दर सुचविला तेव्हा त्या कमिशनातील मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरला. आणि १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत मिठावरील कर रद्द करणे, जमीनसारा निम्म्यावर आणणे यांच्या पंक्तीस रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सांवर आणणे ही एक मागणी होती. म्हणजे रुपया उतरवा, असे राष्ट्रीय चळवळच म्हणत होती आणि चढा ठेवा, असे परके सरकार म्हणत होते! यावरून हुंडणावळ हा मानापमानाचा नव्हे, तर कोणाच्या पदरात काय पडते याचा प्रश्न आहे, हे दिसून येईल.

झळ कोणास, लाभ कोणास?

तो प्रश्न आजही तसाच आहे. रुपया उतरला की इचलकरंजीचे कापड, नाशिकची द्राक्षे आणि पुण्यातील संगणकाचे काम परदेशी विकणारांस चार रुपये जास्त मिळतात. रत्नागिरीकडील जो मनुष्य आखातात राबतो, त्याच्या घरच्यांस त्याच मनीऑर्डरीत अधिक रुपये हाती येतात, कारण तेथली बहुतेक नाणी डॉलरला बांधलेली आहेत. उलट, ज्याने मुलास शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले त्यास पन्नास हजार डॉलरांसाठी पंचाहत्तरच्या दराने साडेसदतीस लाख आणि पंच्याऐंशीच्या दराने साडेबेचाळीस लाख मोजावे लागतात. तरी तो बापडा कर्ज काढू शकतो. खरी झळ लागते ती ज्याचा डॉलरशी काडीचा संबंध नाही अशा माणसास. तेल महागले की एस.टी.चे भाडे, भाजीची वाहतूक, गोडे तेल, खत हे सर्व चढते. पेन्शनीवर जगणारा, रोजंदारीवर राबणारा, यांची मिळकत त्या वेगाने चढत नाही. निर्यातदाराचा लाभ आणि या माणसाची झळ यांची वजाबाकी कोणी करून दाखवीत नाही.

१९९३ नंतर जे घडले ते या दृष्टीने पूर्वीपेक्षा बरे म्हटले पाहिजे. दर रोज थोडा खाली, थोडा वर होतो. १९९३ च्या मार्चापासून २०२४ च्या अखेरीपर्यंतची घसरण चक्रवाढीने दरसाल सव्वातीन टक्क्यांच्या आसपास पडते. २००७ च्या अखेरीस तर डॉलर चाळीसच्याही खाली गेला होता, आणि तेव्हा सरकारला निर्यातदारांसाठी सवलती जाहीर कराव्या लागल्या होत्या. रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेऊन व विकून धक्के सौम्य करते. २०२४ च्या सप्टेंबरात तिची गंगाजळी सातशे अब्ज डॉलरांवर गेली होती. अशी गंगाजळी पुराला बांध घालते. नदीचा उतार ती बदलू शकत नाही.

तो उतार कशाने बदलेल? २०१६ साली आपल्या कायद्याने भाववाढीचे लक्ष्य ठरविण्याची तरतूद केली आणि ते चार टक्के ठरले. अमेरिकेने आपले लक्ष्य २०१२ साली दोन टक्के असे जाहीर केले. दोघांनीही आपापले लक्ष्य तंतोतंत गाठले तरी दोन टक्क्यांचा फरक उरतो. म्हणजे रुपयाची संथ घसरण या दोन आकड्यांतच लिहून ठेवलेली आहे. ती थांबावयाची तर आपली उत्पादनक्षमता अमेरिकेपेक्षा पुष्कळ वेगाने वाढली पाहिजे, जशी एके काळी जपानची वाढली. त्याला दुसरा राजमार्ग नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या आपल्या ग्रंथात जो सिद्धान्त मांडला तो आजही मार्गदर्शक आहे. हुंडणावळीचा दर स्थिर राखला म्हणजे नाणे स्थिर झाले असे नाही. रुपयाची घरच्या बाजारातील क्रयशक्ती स्थिर राखली तरच रुपया खऱ्या अर्थाने स्थिर होईल, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

तेव्हा यापुढे डॉलरचा नवा आकडा वाचनात आला की नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. घसरण हळूहळू होत आहे की आजवर दाबून ठेवलेली एकदम उसळली आहे? तिचे कारण बाहेरचे आहे की घरची महागाई व सरकारची उधळपट्टी हे आहे? आणि तिची झळ ज्यांस लागते त्यांच्यासाठी काय केले जात आहे? पेन्शनीचा महागाईभत्ता वेळेवर मिळाला का, रोजंदारीचा दर वाढला का, हे त्या तिसऱ्या प्रश्नाचेच पोटप्रश्न होत. डॉलर नव्वदचा झाला म्हणून देश बुडत नाही आणि ऐंशीवर आला म्हणून तरत नाही. आपल्या खिशातील शंभराची नोट पुढल्या वर्षी मंडईत किती भाजी आणील, याची चौकशी आपण चिकाटीने करीत राहिलो तर रुपयाची अब्रू राखण्याचे काम त्यात आलेच.